कुलूप आहे, मालक नाही

श्रीरामपूर तालुक्यात चढायला काही नाही. नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोल्यात, १६४६ मीटरचं कळसूबाई आहे, रतनगड आहे, हरिश्चंद्रगड आहे. इकडे मात्र प्रवरा आणि गोदावरीच्या मधला सपाट, काळ्या मातीचा पट्टा, आणि त्यावर नजर पोचेल तिथपर्यंत ऊस. इथल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला उंचीवर जाऊन गाव पाहायचं असेल तर पाण्याची टाकी, एखादं धुराडं किंवा पडक्या वाड्याची माडी एवढेच पर्याय उरतात. खोलात उतरायचं असेल तर कालवा, विहीर आणि वाड्यातला आड. हे सगळं मुलांना व्यवस्थित ठाऊक असतं. कुठलं कुलूप नुसतं अडकवलेलं आहे, कुठली भिंत मागून ढासळलीय, कुठल्या खिडकीचा गज हलतो, याची त्यांच्याकडची माहिती नगरपालिकेच्या दप्तरापेक्षा ताजी असते.

आणि पडक्या जागांची या भागात वाण नाही. त्यामागे साखरेचा इतिहास आहे.

दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या ज्या स्थानकाभोवती आजचं श्रीरामपूर वाढलं, त्याचं नाव पूर्वी बेलापूर रोड. जुनं नांदतं गाव म्हणजे प्रवरेकाठचं बेलापूर. श्रीरामपूर ही त्यामानाने कालची बाजारपेठ. प्रवरेचे कालवे आले, भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं आणि कोरडवाहू पट्ट्यात बारमाही पाणी खेळू लागलं. ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना त्याच सुमारास उभा राहिला. साखर कारखानदार डहाणूकरांनी टिळकनगर वसवलं. कारखाना म्हटला की नुसतं यंत्र नसतं. साहेबांचे बंगले, कारकुनांची घरं, कामगारांच्या चाळी, दवाखाना, गोदामं, असं एक आख्खं गाव त्याच्याभोवती बसतं. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. खासगी कारखान्यांच्या ताब्यातली हजारो एकर जमीन सरकारकडे गेली आणि ती कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. ही जमीन मुळात ज्यांच्याकडून खंडाने घेतलेली होती त्या खंडकरी शेतकऱ्यांनी ती परत मिळवण्यासाठी काही दशकं लढा दिला. कॉम्रेड माधवराव गायकवाडांचं नाव या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. जमिनीचं वाटप एकदाचं सुरू झालं, पण घरांचं काय, हा प्रश्न वेगळाच राहिला.

हरेगावचा कारखाना बंद पडून दशकं लोटली. महामंडळाची कामं आटली, कामगार निवृत्त झाले, काही चाळींत माणसं राहिली, काही ओस पडल्या. अशा वसाहतीत जमीन एका खात्याची, बांधकाम दुसऱ्याचं आणि ताबा तिसऱ्याचा असतो. छप्पर शाकारायचं कोणी, हे विचारलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. दार मोडलं तर ते पुन्हा बसवणारा कोणी नसतो. मुलांना ‘तिकडं जाऊ नका’ असं सांगणारेही बाहेरचे. आतला आवाज कधीच बंद झालेला.

दुसरा प्रकार गावठाणातल्या वाड्यांचा. तोही पाण्यामुळेच रिकामा झाला, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. शेतात पाणी आलं तशी घरं शेताकडे सरकली. जनावरं, मोटार, राखण, सगळंच रानात. मग रोज गावातून जाऊन-येऊन करायचं कशाला? एका पिढीने वस्तीवर पत्र्याची खोली टाकली, दुसरीने तिथे बंगला बांधला. तिसरी पुण्याला किंवा चाकणला गेली. गावातल्या वाड्यात म्हातारी आई होती तोवर दिवा लागत होता. ती गेली आणि दाराला कुलूप लागलं. किल्ली कोणाकडे आहे याबद्दल भावांमध्ये एकमत नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव तसंच आहे किंवा त्याखाली वारसांची रांग लागली आहे: सुना, लेकी, लेकींची मुलं, एखादा थेट परदेशात. दुरुस्ती करायची तर सगळ्यांची संमती हवी, विकायचं तर सगळ्यांच्या सह्या. पाडायचं म्हटलं तरी पाडणाऱ्याला आपला हिस्सा बुडेल अशी शंका. बाजारपेठेत याला जुन्या भाडेकरूची जोड मिळते. नाममात्र भाडं देणारा भाडेकरू हलत नाही, मालक दुरुस्ती करत नाही, आणि वाडा आपणहून पडला तर बरं, असं दोघांपैकी एकाला तरी मनातून वाटत असतं.

अशा घरात पहिला बळी माळवदाचा जातो.

धाब्याच्या घराची रचना ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको, पण हल्लीच्या सिमेंटच्या घरांत वाढलेल्या मुलांना ती माहीत नसते, आणि खरा घात तिथेच होतो. दगड-मातीच्या भिंती आणि लाकडी खांब. त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचा. त्यावर निंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे छप्पर जिवंत ठेवावं लागतं. दर उन्हाळ्यात मृगाआधी माळवदावर नवी माती टाकायची, ती चोपायची, पन्हाळ मोकळे करायचे, भेगा बुजवायच्या. दोन-तीन पावसाळे हे राहून गेलं की माती पाणी धरू लागते. ओली माती कोरडीपेक्षा कितीतरी जड. वर गवत उगवतं, पिंपळाचं रोप धरतं, त्याची मुळं भिंतीत उतरतात. तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं तिथे हवा लागत नाही, म्हणून कुजणं तिथूनच सुरू होतं. मधोमध पाहिलं तर लाकूड खणखणीत, काळंभोर, हाताला गार. वाळवीचंही तसंच. ती बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतला गाभा खाते. मोठ्या माणसालाही वरून कळत नाही, तिथे पोराला काय कळणार?

वरून चालणाऱ्याला ते माळवद म्हणजे गच्चीच वाटते. त्यात उजेडासाठी ठेवलेलं सवणं गवताने झाकलेलं असतं. पाच जण एकाच वेळी फोटोसाठी एका कोपऱ्यात गोळा झाले की त्या कोपऱ्याखालच्या तुळईवर, गेल्या वीस वर्षांत कधी आला नव्हता तेवढा भार एकदम येतो.

भिंतीची गोष्ट आणखी फसवी. वाड्याची जाड भिंत म्हणजे बहुधा दोन भिंती असतात. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मध्ये दगडगोटे आणि माती. वरून पाणी शिरलं की मधली माती फुगते, खाली बसते आणि बाहेरचा थर पोट काढतो. गवंडी लोक भिंतीला ‘फुगा आलाय’ म्हणतात ते हेच. त्यात या पट्ट्यातली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात-हात भेगा पाडते. पाया वर्षातून दोनदा हलतो. भिंत पडायला धो-धो पाऊसच लागतो असंही नाही. चार दिवसांची झड संपून ऊन पडलं, मुलं बाहेर पडली, आणि आत मुरलेल्या पाण्याने तेव्हा भिंत ढकलली, असं होऊ शकतं. शिवाय रिकाम्या वाड्यातलं लाकूड चोरीला जातं. सागवानी खांब, कोरीव महिरपी, दारांच्या चौकटी यांना शहरात गिऱ्हाईक आहे. चोर खांब नेतो, पण त्या खांबावर काय उभं होतं याची चिठ्ठी ठेवून जात नाही.

या धोक्याला धाडसाचीही गरज नसते. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात शाहपूरला ४ ऑगस्ट २०२४ रोजी, श्रावणातल्या पार्थिव शिवलिंगांच्या कार्यक्रमाला मुलं जमली होती. शेजारच्या जीर्ण घराची मातीची भिंत त्यांच्यावर कोसळली आणि नऊ मुलं गेली. त्याच्या आदल्याच दिवशी रेवा जिल्ह्यात शाळेतून घरी निघालेल्या चार लहानग्यांवर पडक्या घराची भिंत पडली होती. ती मुलं त्या घरात शिरलीसुद्धा नव्हती. आपल्या जिल्ह्यातही नगरजवळच्या निंबोडीला ऑगस्ट २०१७ मध्ये पावसात जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत कोसळून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. ती शाळा भरलेली होती. जिथे रोज शिक्षक येतात, अधिकारी तपासणीला येतात, तिथे ही गत. मग ज्या इमारतीकडे वर्षानुवर्षं कोणी मान वर करून पाहिलेलं नाही तिची अवस्था सांगायला तज्ज्ञ नको.

वाड्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा वाईट. प्रत्येक जुन्या वाड्याबद्दल गावात एक कथा असते: इथून भुयार निघतं, ते नदीपर्यंत जातं, किंवा देवळात, किंवा सरळ दुसऱ्या गावाच्या गढीत. बहुतेक वेळा ते भुयार म्हणजे धान्याचं पेव असतं, बळद असतं, नाहीतर तळघर. जुनी माणसं पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. झाकण काढून ते वारं खायला ठेवत, मग दोरीने दिवा खाली सोडत. दिवा विझला तर माणूस उतरायचा नाही. या रीतीत शहाणपण होतं, पण अर्धंच. खाली प्राणवायू कमी असेल तर दिवा विझतो. विषारी वायू असेल तर दिवा जळत राहूनही माणूस मरू शकतो.

हे किती झटपट होतं याचा दाखला श्रीरामपूरला लागून असलेल्या नेवासे तालुक्यात आहे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. वाकडी गावात वापरात नसलेली एक जुनी विहीर होती, तिच्यात बायोगॅससाठी शेणाचा काला साठवलेला. मांजर पडलं म्हणून एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. एकामागून एक सहा जण उतरले, पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. सडणाऱ्या शेणातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच मारून टाकतो. वास थांबला म्हणजे हवा शुद्ध झाली असं वाटतं आणि नेमकं उलटं झालेलं असतं. ती सगळी शेतकरी माणसं होती, विहिरीत उतरण्याचं त्यांना नवल नव्हतं. मित्र पडला म्हणून उडी घेणाऱ्या नववीतल्या मुलाकडून त्यांच्यापेक्षा जास्त विचाराची अपेक्षा करायची कशी? खाली पडलेल्याला वाचवायला दुसऱ्याने उतरू नये, आधी वरून हवा खेळवावी, दोर असल्याशिवाय पाय टाकू नये, ओरडून माणसं जमवावीत, हे खरं म्हणजे शाळेत पाढ्यांबरोबर शिकवायला हवं.

तोंड उघडं राहिलेल्या खड्ड्यांबद्दल नियम नाहीत असंही नाही. बोअरवेलबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट निर्देश दिले: खोदण्याआधी कळवा, भोवती कुंपण करा, तोंड झाका, सोडून दिलेली बोअर बुजवा. तरीही मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीला ऊसतोड मजुराचा पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. बचाव पथकं येऊन खणत राहिली, मूल वाचलं नाही. वाड्यातल्या आडासाठी तर असा स्वतंत्र आदेशही कोणी शोधून दाखवत नाही. नळ आले, आड सुटला, त्यावर एक फळी टाकली. फळी कुजली.

रिकामं घर रिकामं नसतं, हेही मुलांना आत गेल्यावरच कळतं. ऊस तुटला की बिबट्याला आडोसा लागतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, माणसांनी भरलेल्या त्या खोऱ्यात दर शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. म्हणजे जिथे कुत्री, तिथे तो. आणि पडक्या घरात कुत्री व्यायलेली असतातच. डिसेंबर २०२१ मध्ये खुद्द श्रीरामपूर शहरात, मोरगे वस्तीत शिरलेल्या बिबट्याने माणसांना जखमी केलं होतं. कोंडला गेलेला बिबट्या पळायची वाट शोधतो आणि वाड्याला दार एकच असतं, त्याच दारात पोरं उभी.

सापाबद्दल लोक जास्त बोलतात आणि कमी जाणतात. दगडांच्या फटी, उंदरं, गारवा. नाग, घोणस, मण्यार, फुरसं या चौघांनाही पडकं घर मानवतं. घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकून बजावते. मण्यार गुपचूप चावते, दुखतही नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, तेव्हा घरच्यांना वाटतं पोराला झोप आली. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे. चौघांच्याही विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मिळते. पण तिथे पोचायला उशीर होतो, आणि मुलांच्या बाबतीत या उशिराचं एक खास कारण असतं. ‘कुठं गेला होतास?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. जिथे जायला बंदी तिथे साप चावला हे सांगायचं कसं? खरचटलं, पाय मुरगळला, गंजका पत्रा लागला, हेही असंच लपवलं जातं. बापाच्या पट्ट्याची भीती ही अशी या यादीतली एक रीतसर जोखीम आहे आणि ती कोणत्याही पाहणी अहवालात येत नाही.

बंद कारखान्यांच्या शेडचं जोखमीचं गणित वेगळं. तिथे सिमेंटचे पत्रे असतात. जुने झाले की ते काळे, शेवाळलेले, पण भक्कम दिसतात. पाय खिळ्यांच्या ओळीवरून सरकला, पत्र्याच्या मधोमध पडला, की तुकडे होतात आणि माणूस वीस-पंचवीस फूट खाली काँक्रीटवर. धुराड्यांना आणि टाक्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. त्यांच्यावर दगड मारण्याचा मोह कोणाला कोणत्या वयात होतो हे वेगळं सांगायला नको. शेडमध्ये जाणारे सगळेच गंमत म्हणून जातात असंही नाही. कोणी लोखंडाचा तुकडा, तांब्याची तार शोधत जातो. भंगारवाला किलोवर पैसे देतो आणि प्रश्न विचारत नाही. या दोन मुलांच्या धाडसात फारसा फरक नाही, पण पकडले गेल्यावर त्यांच्याशी होणाऱ्या वागणुकीत जमीन-अस्मानाचा असतो.

त्याबद्दल हरेगावचंच नाव घ्यावं लागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या नुसत्या संशयावरून इथे चार तरुणांना उलटं टांगून मारहाण झाली. त्याची चित्रफीत पसरली, राज्यभर निषेध झाला, ॲट्रॉसिटीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. ही घटना पडक्या घरातली नव्हे. पण दुसऱ्याच्या जागेभोवती दिसलेल्या मुलाला गाव कोणत्या नजरेनं पाहतं, ते त्याच्या आडनावावर किती अवलंबून असतं, हे तिने उघडं केलं. पेठेतल्या व्यापाऱ्याचा मुलगा वाड्यात सापडला तर ‘व्रात्य आहे’. वस्तीतला सापडला तर ‘चोर आहे’. वास्तविक कायद्यातल्या फौजदारी अतिक्रमणाला गुन्हा करण्याचा, किंवा जागेच्या ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू लागतो. निव्वळ कुतूहलाने आत डोकावणं त्या व्याख्येत बसत नाही. जमावाला मात्र व्याख्या वाचायला वेळ नसतो.

मुलींसाठी तर हा धोका भिंतींहून आधी येतो. मुंबईत महालक्ष्मीची शक्ती मिल कित्येक वर्षं बंद, न्यायालयीन प्रक्रियेत अडकलेली, झाडोऱ्याने वेढलेली. २२ ऑगस्ट २०१३ रोजी एक तरुण छायापत्रकार सहकाऱ्यासह कामासाठी तिथे गेली आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या तपासात उघड झालं की काही आठवड्यांपूर्वी त्याच आवारात आणखी एका मुलीवर अत्याचार झाला होता. म्हणजे ती जागा कोणाची तरी झालेली होतीच, फक्त मालकाची नव्हती. देशाच्या आर्थिक राजधानीत, रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, आवाज पोचणार नाही अशी एकरभर जागा शिल्लक होती. तालुक्याच्या गावी अशा जागा लहान असतात, त्यांच्याबद्दल दबक्या आवाजात बोललं जातं. मुलींना तिकडून जाऊ नको असं सांगितलं जातं, आणि जागा तशीच राहते.

या सगळ्यावर गावाने शोधलेला जुना उपाय म्हणजे भूत. पिंपळावरचा मुंजा, माडीवरची हडळ, अमावास्येला वाजणारी पैंजणं. लहान मूल याने थांबतं हे खरं. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी हेच आमंत्रण होतं. ‘फाटली का तुझी?’ एवढा एक प्रश्न पुरतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांवर केलेल्या प्रयोगात तीन वयोगटांना संगणकावर गाडी चालवायला लावली होती. एकट्याने खेळताना आणि मित्र बघत असताना घेतलेल्या जोखमीत सर्वांत मोठी तफावत किशोरांत दिसली. मोठ्यांना मित्र असल्या-नसल्याने जवळपास फरक पडला नाही. आता मित्रांची जागा मोबाइलने घेतली आहे. भुताच्या शोधाचे व्हिडिओ बघून त्याच धर्तीवर रील करायला निघालेल्या चौकडीच्या पाठीशी न दिसणारे शेकडो बघे असतात. त्यात गुप्तधनाची भर. जुन्या घरात हंडा पुरलेला असतोच, ही खात्री मोठ्यांनीच मुलांना दिलेली. मांडूळ, पायाळू, कोहळं-लिंबू हे सगळं करून वाड्यात खड्डे खणणारे प्रौढ असतात, आणि उघडे टाकलेले ते खड्डे नंतर मुलांना सापडतात. गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आणली. निखात निधीचा कायदा तर १८७८ पासून सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा. तो वाचून कोणी खणत नाही.

गंमत अशी की महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध झपाटलेली वास्तू फारच निर्धोक आहे. शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यांच्या हाकांची आख्यायिका अडीचशे वर्षं टिकली. पण तिथे तिकीट आहे, पहारेकरी आहे, संध्याकाळी दार बंद होतं, ढासळणारा चिरा पुन्हा बसवला जातो. भूत असूनही कोणाच्या अंगावर तुळई पडत नाही, कारण तुळई कोणाची आहे हे ठरलेलं आहे.

ते ठरलेलं नसलं की काय होतं, ते नोटिशीच्या प्रवासात दिसतं. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १९५ ने नगरपालिकेला अधिकार दिलेला आहे: धोकादायक बांधकाम मालकाने दुरुस्त करावं किंवा उतरवावं, नाही केलं तर पालिकेने ते करून खर्च वसूल करावा. दर मे महिन्यात याद्या निघतात, नोटिसा निघतात. नोटिशीवर ‘मालक / भोगवटादार’ असं छापलेलं असतं. मालक वारलेला, भोगवटादार म्हणजे घुबड. शिपाई ती दारावर चिकटवतो, पंचनामा होतो, पालिकेची जबाबदारी कागदोपत्री संपते. पुढचं पाऊल, म्हणजे प्रत्यक्ष उतरवणं, सहसा पडत नाही; कारण वारसांपैकी कोणीतरी न्यायालयात जाईल, भाडेकरू मनाई हुकूम आणेल, आणि झालेल्या खर्चाची वसुली कोणाच्या घरपट्टीत लावायची हे कळणार नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत तर ओव्हरसियरही तालुक्याहून बोलवावा लागतो.

परक्या देशांच्या न्यायालयांनी या कोड्यावर बराच विचार केला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८७३ मध्ये रेल्वेचं इंजिन फिरवणाऱ्या चकतीचं प्रकरण आलं. नेब्रास्कातलं सहा वर्षांचं मूल कुलूप नसलेल्या त्या चकतीशी खेळताना पायाने जायबंदी झालं. मूल आगंतुक होतं, तरी मुलांना भुरळ पडेल अशी घातक वस्तू उघडी टाकल्याबद्दल रेल्वे कंपनी जबाबदार ठरली. त्यातून पुढे तिथला एक आख्खा कायदेशीर विचार उभा राहिला. उलट इंग्लंडमध्ये २००६ साली, रुग्णालयाच्या इमारतीच्या बाहेरच्या जिन्याला खालून लटकत चढलेला अकरा वर्षांचा मुलगा तीस फुटांवरून पडला, तेव्हा न्यायालय म्हणालं की जिना नीट होता, धोका मुलाच्या कृतीत होता आणि तो त्याला कळत होता. दोन्ही निकाल आपापल्या जागी पटण्यासारखे आहेत. वाड्याला मात्र इंग्लंडचा निकाल लागू पडत नाही, कारण तिथला जिना शाबूत होता. कुजलेली तुळई वरून धडधाकट दिसत असेल तर तो धोका मुलाला कळत होता असं कोण म्हणेल?

म्हणून ‘मुलांना समजावा’ या सल्ल्याला मर्यादा आहेत. समजवावं, जरूर समजवावं. पण वारसांची सही नसलेल्या वाड्यातला आड काही त्याने बुजत नाही. वाटणीचा दावा चालू असतानाही करता येण्यासारखी कामं आहेत. आडावर लोखंडी जाळी बसवून ती चुन्या-सिमेंटात पक्की करायला हिस्स्याचा निकाल लागावा लागत नाही. माडीचा लाकडी जिना काढून ठेवला की वर जाण्याचं आकर्षण आणि मार्ग दोन्ही संपतात. रस्त्याकडे पोट काढलेली भिंत कमरेइतकी उतरवली तर जागेची हद्दही राहते आणि खालून जाणाऱ्याचं डोकंही. मोडक्या दाराला तार बांधण्यापेक्षा विटांचं बांधकाम बरं. तार ही पोरांना परीक्षा वाटते. ‘धोका’ लिहिलेली पाटी तर फोटोची चौकटच ठरते. वीज कंपनीला कळवून तोडलेली जोडणी खांबापासून काढून घेणं, हे अर्जाचं काम आहे. शेती महामंडळाच्या वसाहतींसाठी तर वारसांचीही अडचण नाही. तिथे मालक सरकारच आहे; कोणती चाळ राहण्याजोगी, कोणती उतरवायची, याची पाहणी करून यादी लावायला कोणाची संमती लागणार?

आणि मुलांना चढायला काहीतरी हवंच. अकोले तालुक्यातला कळसूबाईचा पायथा ही याच जिल्ह्यातली सहलीची जागा आहे, तरी अनेक शाळांच्या सहली दरवर्षी वॉटर पार्कला जातात. दोर कसा बांधायचा, कच्चा दगड कसा ओळखायचा, चौघांतला एक घाबरला तर सगळ्यांनी मागे फिरायचं, हे डोंगर शिकवतो आणि शिकवणारे गिर्यारोहण संघ महाराष्ट्रात गावोगाव आहेत. ज्या वाड्यांच्या भिंती अजून धड आहेत, तिथे खालच्या दोन खोल्या नीट करून अभ्यासिका किंवा तालीम सुरू करता येते. माणसांची ये-जा सुरू झाली की गळती आपोआप कोणाच्या तरी डोळ्यांना दिसते.

वेळापत्रक मात्र उलटं आहे. शाळांना मे महिन्यात सुटी लागते, त्याच महिन्यात पालिकेच्या नोटिसा निघतात, आणि त्यांची मुदत संपेपर्यंत रोहिण्या बरसून गेलेल्या असतात. पाहणी दिवाळीनंतर, भिंती वाळलेल्या आणि मजूर मोकळे असताना केली, तर उतरवण्याच्या कामाला पाच-सहा महिने मिळतात. त्यासाठी कायद्यात बदल लागत नाही. मुख्याधिकाऱ्याने फायलीवरची तारीख बदलली तरी चालतं.